आत्याची बेकरीमागची खोली

माझी आत्या पडदे शिवते. सगळे तिला पडदेवाली म्हणतात आणि तिला ते आवडतं. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही असं कुणी विचारलं तर ती त्याला पडद्याचा दर सांगते, आणि तरीही तो विचारतच राहिला तर अस्तरासकटचा दर सांगते. आमच्या घरातली मागची खोली तिची. खिडकीखाली पायाचं मशीन, भिंतीला टेकवून ठेवलेले कापडाचे तागे आणि उरलेल्या जागेत तिची कॉट. बाबा तिचे थोरले भाऊ. ते पाणीखात्यात कामाला, कायम सकाळच्या पाळीला. दुपारी घरी येतात, जेवतात आणि मागच्या खोलीच्या भिंतीला लागून असलेल्या पलंगावर आडवे होतात. पलीकडे मशीन धडधडत असतं, अलीकडे बाबा घोरत असतात. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्या घरात दुपारी असे दोन आवाज येतात.

बाबांबद्दल मी पुढे बरंच तिखट बोलणार आहे. तेव्हा मला जे वाटत होतं तेच सांगते, उगाच साखर घालत नाही.

सुरुवात आत्याच्या अंगठ्यापासून झाली. उजव्या हाताचा, कात्री चालवणारा अंगठा. जाड कापड कापायला घेतलं की कळ यायची आणि कात्री हातातून सुटायची. डॉक्टरांनी अंगठ्याला विश्रांती द्यायला सांगितली. आत्या घरी आली ती धुमसतच.

"अंगठ्याला विश्रांती म्हणजे पोटालाही विश्रांती," ती म्हणाली. "तेवढं सोडून सगळं सांगितलं त्यांनी."

"अहो वन्सं, आम्ही आहोत की," आई म्हणाली.

"आहात गं वहिनी. म्हणून तर आत्ताच हातपाय हलवते. पाठीशी कुणी आहे तोवरच धीर असतो."

दुसऱ्या दिवशी मला मापं लिहून घ्यायला बसवून तिने आपला बेत सांगितला. अंगठा अजून चारपाच वर्षं ओढेल. तेवढ्यात तिच्या जागी दुसरं कुणीतरी कमवायला लागलं पाहिजे. "माणूस ठेवला तर मी त्याला पगार द्यायचा," ती म्हणाली, "आणि खोली घेतली तर खोली मला पगार देईल. मग कुणापुढे हात पसरायला नको. दादापुढे तर नकोच नको." भावाच्या घरात ती इतकी वर्षं राहिली, पण दर महिन्याला आईच्या डब्यात तिचे पैसे पडायचेच. ते ज्या महिन्यात पडणार नाहीत, त्या महिन्याची तिला भीती वाटत होती. आत्याला कशाची तरी भीती वाटते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

खोली तिने आधीच हेरून ठेवली होती. रंगाच्या दुकानावर एक खोली, छोटं स्वयंपाकघर, बाहेरून वर जाणारा लोखंडी जिना. बाजारात तिच्याहून स्वस्त काही मिळणं कठीण होतं, आणि त्याला कारण होतं. मोठ्या खोलीला भली रुंद खिडकी होती, पण बोळापलीकडे बेकरीची मागची भिंत उभी होती आणि ती धुराने काळीकुट्ट झाली होती. खिडकी उघडली की समोर ती भिंत, दुसरं काही नाही. राहायला आलेलं माणूस वर्षभरात कंटाळून निघून जायचं.

खोलीचे मालक म्हणजे चष्मेवाले काका. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवून आता ते लेकीकडे राहायला निघाले होते. खालच्या रंगवाल्याला ही खोली डबे ठेवायला हवी होती आणि तो रोख पैसे मोजायला तयार होता. आत्या मला घेऊन काकांकडे गेली.

"बाई, तो रोख देतोय," काका म्हणाले. "तुम्ही कसे देणार?"

"थोडे आत्ता, थोडे कर्ज काढून आणि थोडे सावकाश. रोख हवे असतील तर त्यालाच द्या. तो वर डबे रचेल आणि तुमच्या खिडकीला आतून फळ्या ठोकेल."

 लग्नानंतरची पहिली काही वर्षं काका आणि काकू त्याच खोलीत राहिले होते. काकूंनी त्या खिडकीला आत्याकडूनच पडदे शिवून घेतले होते. पहिल्या धुण्यात कापड आटलं, तर आत्या न बोलावता शिडी घेऊन गेली होती आणि आत दुमडून ठेवलेलं वाढीव कापड सोडून पडदे पुन्हा जमिनीपर्यंत आणून दिले होते. वर एक पैसा घेतला नव्हता. कापड आटणार हे तिला माहीत असतंच, म्हणून ती प्रत्येक पडद्यात दुमड जास्त ठेवते. काकांना ते आठवत होतं.

"महिनाअखेरपर्यंत थांबतो," ते म्हणाले. "आणि किमतीचा चौथा हिस्सा दोन वर्षांत दिलात तरी चालेल. तसं कागदावर घेऊ."

आता किमतीचे चार वाटे धरले, तर एक वाटा काकांना सावकाश द्यायचा होता आणि एक आत्याच्या शिलकीत होता. उरले दोन. त्यासाठी आम्ही बँकेत गेलो. टेबलामागचा साहेब तरुण होता, बोलायला गोड. त्याने कागद चाळले, संगणकात काहीतरी टाकलं आणि कपाळ खाजवलं.

"काकू, एवढं लहान घरकर्ज आमच्याकडे बसतच नाही. तुमच्या पूर्ण घराची किंमतच आमच्या कमीत कमी कर्जापेक्षा कमी आहे. जरा मोठं घर का नाही बघत?"

"म्हणजे घर स्वस्त आहे म्हणून कर्ज नाही?"

"तसंच समजा. कर्ज लहान असलं तरी आम्हाला काम तेवढंच पडतं."

"मी पडदे शिवते बाळा," आत्या म्हणाली. "गिऱ्हाइकाची खिडकी लहान निघाली म्हणून मी त्याला भिंत फोडायला सांगत नाही."

साहेब खळखळून हसला. नियम काही त्याच्या हातात नव्हता, पण मनाने चांगला निघाला. बाजारपेठेतली एक पतपेढी अशी लहान कर्जं देते, असं सांगून त्याने तिथल्या व्यवस्थापक बाईंचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं.

पतपेढीच्या बाई मोजक्या बोलणाऱ्या होत्या. खोलीची जी किंमत पतपेढीचा माणूस ठरवेल तिच्या निम्मं कर्ज, नोकरीत कायम असलेला एक जामीनदार, बस. भाड्यातून हप्ता कसा निघणार असं त्यांनी विचारलं, तेव्हा आत्याने वर्षाचं भाडं दहाच महिन्यांचं धरून दाखवलं.

"वर्षाला महिने बारा असतात," बाई म्हणाल्या.

"दोन आटायला सोडलेत. एक भाडेकरू जातो, दुसरा यायला वेळ लागतो, मधेच नळ गळतो. दहात हप्ता बसला तर बसला, नाहीतर मी या खोलीला हातच लावत नाही."

बसत होता. काकांचा हप्ताही बसत होता, आणि वर थोडं उरत होतं. बाई पहिल्यांदाच हसल्या आणि जामीनदार कोण म्हणून त्यांनी विचारलं. मी लगेच म्हटलं, "माझे बाबा."

घरी बाबांनी हात वर केले. नाही म्हणजे नाही.

आता माझा तिखटपणा ऐका. मला वाटलं, माणूस घाबरट आहे. मग वाटलं, कंजूष आहे. बहिणीच्या कर्जाखाली सही करायला लागेल म्हणून याच्या तोंडचं पाणी पळालंय. बरं, सरळ तसं म्हणतील तर शपथ. ते खोलीतच खोड काढत बसले. एका संध्याकाळी स्वतः जाऊन पाहून आले आणि जेवताना सुरू झाले.

"जिना कसला तो, हलतो नुसता."

"घट्ट करून घेईन," आत्या म्हणाली.

"नळाला धार बारीक आहे."

"तू पाणीखात्यात आहेस ना? मोठी करून दे."

"आणि अंधार किती! तिथे राहायचं म्हणजे विहिरीत राहायचं."

"दादा, तुला सही करायची नसेल तर करू नकोस. मी शाळेतल्या मुख्याध्यापक बाईंना विचारते, त्यांच्या सगळ्या वर्गांचे पडदे मी शिवलेत. पण माझ्या खोलीला नावं ठेवू नकोस."

बाबा ताटावरून उठले. आईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. दुसऱ्या दुपारी मशीन नेहमीपेक्षा जोरात चाललं होतं आणि बाबा कूस बदलत पडले होते.

जोरात चाललं होतं कारण आत्या त्या खोलीसाठी पडदे शिवत होती. पतपेढीचा माणूस किंमत ठरवायला येणार होता आणि आत्याला खोली सजवून दाखवायची होती. तिने ठेवणीतलं गडद हिरवं कापड काढलं, त्याला आतून दुहेरी अस्तर दिलं, चुण्या अशा घातल्या की बघत राहावं. अंगठा सुजला तरी ती थांबली नाही. आदल्या संध्याकाळी आम्ही दोघींनी ते पडदे टांगले. खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकली गेली, भिंत दिसेनाशी झाली आणि आत्या कमरेवर हात ठेवून आपल्या कामाकडे पाहत राहिली.

पतपेढीचा माणूस भर दुपारी आला. आत पाऊल टाकल्याबरोबर त्याने दिव्याचं बटण शोधलं.

मला तिथेच कळायला हवं होतं, पण मीही आत्याचीच भाची. आम्ही दोघी तो पडद्याला हात लावून कापड कधी पाहतो याची वाट पाहत उभ्या. त्याने भिंती ठोकल्या, नळ उघडला, मग पडदा जरासा बाजूला केला, काळी भिंत पाहिली आणि पडदा सोडून दिला. जाताना म्हणाला, "पडदे छान आहेत हो." आत्या खूश झाली.

दोन दिवसांनी बाईंनी बोलावून सांगितलं, खोली अंधारी आहे, हवा खेळत नाही, म्हणून किंमत पाऊणपटच धरली आहे. म्हणजे कर्जाचे दोन वाटे मिळायच्या जागी दीडच मिळणार. अर्धा वाटा आणायचा कुठून? महिनाअखेर तर दारात येऊन उभी होती.

  परत येताना आत्या एवढंच म्हणाली, खोलीवर जाऊन पडदे उतरवून आणू. वर गेलो, तिने शिडीवर चढून दांडी काढली आणि ते भारी हिरवं कापड ढिगासारखं खाली पडलं. खोलीत थोडा उजेड आला. आत्याने त्या ढिगाकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि शिडीवर बसल्या बसल्याच हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"अगं, जन्मभर दुसऱ्यांच्या खिडक्या झाकून पैसे कमावले मी," ती म्हणाली. "आणि जिच्यावर सगळं अडलं होतं, ती स्वतःची खिडकी पण झाकून बसले! बेअक्कल बाई!"

मग हसणं थांबलं, आणि ती खिडकीत जाऊन बाहेर वाकून बघायला लागली. ऊन बेकरीच्या भिंतीवर थेट पडत होतं. पडत होतं आणि त्या काजळीत विरून जात होतं.

"खिडकीत खोट नाही," आत्या म्हणाली. "खोट त्या भिंतीत आहे."

"पण भिंत आपली नाही."

"नसू दे. रंग तर आपला असेल."

तिच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. आधी ती बेकरीवाल्याकडे गेली. तुझ्या मागच्या भिंतीला माझ्या खर्चाने चुना मारून देते, म्हणाली. बेकरीवाल्याला आधी यात काहीतरी गोम आहे असं वाटलं. मग त्याने आपलं दुखणं सांगितलं: भट्टीची धग दुकानात येते आणि गिऱ्हाइकं काउंटरवर थांबत नाहीत. आत्याने तेच हिरवे पडदे, दुहेरी अस्तरासकट, भट्टी आणि दुकान यांच्यामधल्या दाराला बसवून दिले. भिंतीची परवानगी मिळाली.

चुना घ्यायला ती गेली थेट रंगवाल्याकडे. खोलीवर डोळा ठेवून बसलेल्या रंगवाल्याकडे.

"मला पाडायला माझ्याकडूनच चुना घेताय?" तो म्हणाला.

"गिऱ्हाईक आहे मी. दर सांगा."

तो हसला आणि त्याने दर सांगितला, शिडीचं भाडं वेगळं लावलं, आणि चुना मारायला आपलाच माणूस दिला. धंदा तो धंदा, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून माणूस बोळात शिडीवर, आणि आत्या वर खिडकीत उभी राहून त्याला कोपरे दाखवतेय. चष्मेवाले काकाही येऊन बसले. चुन्याचा दुसरा हात वाळला आणि ऊन त्यावर आलं, तशी खोली जमिनीपासून छतापर्यंत उजळून निघाली. कोपऱ्यातल्या फरशीवरची नक्षी दिसायला लागली. काका उठून खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"बायको म्हणायची, त्या बेकरीवाल्याशी एकदा बोला," ते म्हणाले. "मी मेला कधी बोललोच नाही."

आत्याने विचारलं, "काका, आता खोलीची किंमत वाढली. तुमचा शब्द?"

"शब्द तोच," काका म्हणाले आणि रुमालाने चष्मा पुसत बसले.

पाळी संपवून बाबा तिथेच आले. मी आईकडे निरोप ठेवला होता, मुद्दामच, त्यांचं तोंड बघायला. ते दारात थांबले. सगळ्या खोलीवरून नजर फिरवली, खिडकीत जाऊन उभे राहिले, परत येऊन नळ उघडला. नळाची धार चांगली जाड होती. ती दोन दिवसांपूर्वी त्यांच्याच खात्याच्या माणसाने येऊन दुरुस्त केली होती, आणि त्याला कुणी पाठवलं हे आम्हाला माहीत नव्हतं. बाबांनी नळ बंद केला. जिना हलत नव्हता, उजेड भरपूर होता, नावं ठेवायला काही उरलं नव्हतं. आणि त्यांचा चेहरा साफ पडला होता.

माझं डोकंच फिरलं. "बाबा, तिचं चांगलं झालेलं तुम्हाला बघवत नाही का?"

"गप्प बस गं," आत्या म्हणाली.

बाबा माझ्यावर ओरडले नाहीत. ते आत्याकडेही बघत नव्हते, नळाकडे बघत होते.

"चांगली झाली खोली," ते म्हणाले. "आता राहायला येशील इथे. अंधारी होती तेव्हा वाटत होतं, नाही यायचीस."

  जिना, नळ, अंधार, त्यांनी काढलेलं प्रत्येक खुसपट एका क्षणात मला उलटं दिसायला लागलं. मी कंजूष म्हणत होते त्या माणसाला आपली बहीण घर सोडून जाईल ही धास्ती होती, आणि ते त्यांना बोलता येत नव्हतं, एवढंच. मला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण मीही त्यांचीच मुलगी, जागची हलले नाही.

"दादा," आत्या म्हणाली, "मला राहायला घ्यायची असती तर मी बेकरीची भिंत समोर असलेली खोली घेतली असती? मी काय वेडी आहे? ही भाड्याला आहे. माझा अंगठा कामावरून घरी बसेल तेव्हा त्याच्या जागी ही कामाला जाईल. मी कुठे जातेय? मी घरी बसून तुझ्या डोक्यावर मिरे वाटणार आहे."

"मग आधी सांगायचंस."

"सांगत होते की. भाडं, भाडं म्हणून घसा कोरडा केला. तू ऐकलंस कुठे?"

बाबांनी नाक ओढलं. "कुठे करायची सही?" ते म्हणाले.

पतपेढीचा माणूस पुन्हा आला तेव्हा खिडकी सताड उघडी होती आणि दिव्याचं बटण त्याने शोधलं नाही. किंमत पूर्ण धरली गेली. बाबांनी जामीनदाराच्या जागी सही केली, तीही इतकी ठसठशीत की बाई म्हणाल्या, अहो, रेघेच्या आत करा. महिना संपायच्या आत खोली आत्याच्या नावावर झाली.

पहिली भाडेकरू म्हणून रुग्णालयातली एक नर्स आली. खोलीत पाय ठेवताच ती खिडकीत जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, मला हीच हवी. आत्याने तिला पातळ पांढऱ्या कापडाचे पडदे शिवून दिले, उजेड अडणार नाही असे. दुमड मात्र त्यातही जास्तच ठेवली.

हप्ते वेळेवर जात राहिले. काकांचा शेवटचा हप्ता त्यांच्या लेकीच्या घरी नेऊन दिला, आणि पुढे पतपेढीचंही कर्ज फिटलं. दरम्यान नर्स गेली, एक शिक्षक आले, मधला एक महिना खोली रिकामी राहिली आणि आत्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. आईच्या डब्यात पैसे पडत राहिले. आत्याने जाड कापडाची कामं आधी बंद केली, मग हळूहळू सगळीच. अंगठ्याने हात टेकले तेव्हा तिला कुणापुढे हात पसरावा लागला नाही. तिला जे हवं होतं ते तिने मिळवलं होतं.

काम बंद झालं त्या आठवड्यातली गोष्ट. बाबा दुपारी जेवून आडवे झाले. घर शांत होतं. त्यांनी या कुशीवरून त्या कुशीवर केलं, उशी उलटी केली, मग उठून पाणी प्यायले आणि परत पडले. शेवटी भिंतीला हाक मारल्यासारखं म्हणाले, "आज मशीन का बंद आहे गं?"

"शिवायला काही नाही रे दादा," पलीकडून आत्या म्हणाली.

 थोड्या वेळाने मशीन धडधडायला लागलं. पाचदहा मिनिटांत बाबा घोरायला लागले. हिला पुन्हा काम कुणी दिलं, अंगठा दुखवून घेईल, म्हणून रागारागात मी मागच्या खोलीत गेले. मशीनवर कापड नव्हतं. सुईत दोरा नव्हता. आत्या दोन्ही हात मांडीवर ठेवून, डोळे मिटून, नुसती पायाने मशीन चालवत बसली होती.